बोटीवरचा इन्व्हर्टर : लक्षणे, निदान व उपचार

मच्छीमार बोटीवरचा इन्व्हर्टर हे बॅटरीची २४ व्होल्टची डीसी वीज घेऊन घरच्यासारखी २३० व्होल्टची, सेकंदाला ५० हेलकावे खाणारी एसी वीज देणारे यंत्र आहे. जिथे माणसांपासून भाताच्या टोपापर्यंत सगळेच हेलकावे खातात, तिथे विजेनेही ते खावेत यात गैर काही नाही. हर्णै, मिरकरवाडा, देवगड किंवा ससून डॉकला लागलेल्या मोठ्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये तो असतो. दिसेलच असे नाही. चालू असताना तो गरम राहतो आणि बोटीवर वाळत घालायला जागा कमी पडते, त्यामुळे त्याच्यावर बहुधा कुणाची तरी लुंगी पसरलेली असते. या लुंगीचा पुढे निदानात उल्लेख येईल.

बोट चालवायला इन्व्हर्टर लागत नाही. इंजिनाचा स्टार्टर, वायरलेस, जीपीएस, मासळीचा थवा दाखवणारा फिश फाइंडर, बाजूचे लाल-हिरवे दिवे हे सगळे बॅटरीच्याच विजेवर चालते. इन्व्हर्टर लागतो तो टीव्हीला, मोबाइलच्या चार्जरना, पंख्याला आणि कालवणाच्या वाटणाला. झगझगीत एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पण ती माशांना उजेड दाखवण्याला आहे, खलाशांना दाखवण्याला नाही. इंजिन बंद पडले तर काळजी तांडेल करतो, बाकीचे विडी पेटवतात. इन्व्हर्टर बंद पडला तर पाच मिनिटांत सगळी बोट केबिनच्या दारात जमा होते आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो.

बिघाड झाल्याचे इन्व्हर्टर स्वतःच सांगतो, पण एकाच सुरात. बॅटरी उतरली, वायर बारीक पडली, मिक्सर जड झाला, पंखा अडकला. तक्रार कुठलीही असो, आवाज ‘टीं टीं टीं’. कोणत्या तक्रारीला किती टीं, हे सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते आणि पुस्तिका पहिल्याच दिवशी खोक्यासकट धक्क्यावर राहिलेली असते. त्यापुढची पायरी लाल दिव्याची. त्याच्याही पुढे दिवा नाही आणि आवाजही नाही, फक्त वास. जळक्या सर्किटचा हा वास सुक्या मासळीच्या संगतीतही वेगळा ओळखू येतो.

पहिला उपचार थापेचा. ती बाजूच्या पत्र्यावर, मध्यम जोराने मारतात. थापेला हसू नये. ती लागू पडली तर कुठला तरी सांधा सुटा आहे एवढे निदान फुकटात होते. दुसरा उपचार बटण बंद करून पुन्हा चालू करण्याचा, आणि त्यालाही आधार आहे: पुष्कळ इन्व्हर्टर ओव्हरलोड झाले की रुसून बंद होतात ते बटण खाली-वर केल्याशिवाय उठतच नाहीत. तिसरा, वायर हलवून बघण्याचा. खरे तर तिन्हींत ही सर्वांत मोलाची तपासणी. वायर एका ठराविक कोनात धरली की टीव्ही लागतो, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून कळले. इथे शास्त्र संपते आणि संसार सुरू होतो. सांधा घट्ट करण्याऐवजी तो कोन जपला जातो. वायरीखाली फळकुटाचा तुकडा, तो निसटू नये म्हणून जाळ्याच्या दोरीची गाठ, आणि नवा खलाशी आला की त्याला पहिली सूचना: “तिकडं हात लावायचा नाय.”

एवढ्यानेही भागले नाही की इन्व्हर्टर चार स्क्रू काढून बंदरावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो. तिथे तो चालतो.

“तांडेल, ह्यात काय फॉल्ट नाय.”

“मग बोटीवर का बंद पडतो?”

“बोटीवर फॉल्ट असेल.”

या तीन वाक्यांत संपूर्ण निदान झालेले आहे. दुकानातली बॅटरी भरलेली, वायर हातभर लांबीची आणि जाड, भार म्हणून शंभर वॉटचा एक बल्ब. अशा पाहुणचारात कुठलाही इन्व्हर्टर चालेल. पण फुकट मिळालेल्या निदानाची किंमत राहत नाही. खाऱ्या हवेला हे मॉडेल सोसत नाही, चिनी माल असाच, कुणाची तरी नजर लागली, अशी कारणे ठरतात आणि नवा इन्व्हर्टर येतो. तो त्याच वायरीला, त्याच क्लॅम्पला जोडला जातो आणि आठवडाभरात ‘टीं टीं’ करू लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे इतके शुद्ध उदाहरण विद्युतशास्त्रात दुसरे नसावे.

म्हणून तपासणी उलटीकडून करायची. आधी भार, मग बॅटरी, मग वायरी आणि सांधे, मग फ्यूज. पेटीचे स्क्रू सगळ्यांत शेवटी.

भाराचे प्रकरण लवकर आटपते. इन्व्हर्टर हजार वॉटचा आहे, म्हणजे खोक्यावर तसे छापलेले आहे. टीव्ही, पंखा आणि आठ-दहा मोबाइल मिळून दोनेकशे वॉट होतात, तोवर सगळे सुरळीत असते. मग कुणीतरी ७५० वॉटचा मिक्सर लावतो. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यात भांड्यात सुक्या खोबऱ्याचे तुकडे अडकलेले. इन्व्हर्टर हात वर करतो. तपासायचे तर सगळी बटणे बंद करावीत आणि एकच बल्ब लावावा. बल्ब लागला तर यंत्र निर्दोष, दोष वाटणाचा. यावरची दुरुस्ती म्हणजे पाटा-वरवंटा, किंवा घरूनच वाटून आणलेले वाटण.

बॅटऱ्या दोन असतात. प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकापुढे एक जोडून २४ केलेल्या. चार्जिंग थांबून काही तास गेल्यावर मीटर लावला तर भरलेल्या जोडीवर २५.४ व्होल्टच्या आसपास दिसतात, अर्ध्या उतरलेल्या जोडीवर २४.४, आणि २३.६ दिसले तर ती जोडी संपल्यातच जमा. इंजिन चालू असताना मीटर लावून “फुल हाय” म्हणण्याची पद्धत आहे. पण त्या वेळी मीटर दाखवतो ते अल्टरनेटरचे २८ व्होल्ट, बॅटरीचे नव्हेत.

खरी गंमत जोडीऐवजी एकेक बॅटरी मोजली की कळते. एकीवर १२.८, दुसरीवर ११.६. याला कारण गाणी. बोटीवरचा म्युझिक प्लेअर गाडीतला, म्हणजे १२ व्होल्टचा असतो. म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी सोयीच्या एकीवरूनच त्याला वायर काढलेली असते. बहुतेकदा वायरलेसही तिच्यावरच. अल्टरनेटर मात्र दोघींची बेरीज पाहतो. बेरीज २८ झाली की त्याचे समाधान, मग एकीला १३ आणि दुसरीला १५ मिळाले तरी त्याची हरकत नसते. एकत्र कुटुंबासारखा हा प्रकार आहे: राबणारी उपाशी राहते, बसून असलेलीला अजीर्ण होते, आणि बाहेरून घर गोकुळ दिसते. उपाशी बॅटरीच्या प्लेटांवर गंधकी थर घट्ट बसतो, दुसरीतले पाणी उकळून आटते, आणि जोडीतली एक मेली की इन्व्हर्टरला पोचणारे व्होल्टेजही तिच्याबरोबर जाते. उपाय साधा आहे. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर बसवून गाणी दोघींवर मिळून वाजवावीत. बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीने; नवी आणि जुनी एकत्र नांदत नाहीत.

आता वायरी आणि सांधे. बिघडलेल्या इन्व्हर्टरांचे बहुतेक पाप इथेच असते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

हजार वॉटचा पूर्ण भार २४ व्होल्टवर घेतला तर आतली घट धरून इन्व्हर्टर बॅटरीकडून जवळपास ४८ अँपिअर ओढतो. घरचा दीड टनी एसी सात-आठ अँपिअरवर थंडगार हवा देतो, कारण तिथे व्होल्ट २३० असतात. व्होल्ट कमी तर अँपिअर जास्त, हा हिशोब बोटीवर कुणी नाकारत नाही. पण वायर विकत आणायची वेळ आली की नाखव्याच्या नव्या घराला एसी बसवताना उरलेली ४ चौरस मिलिमीटरची वायर पुढे येते. “एवढा मोठा एसी चालतो तिच्यावर,” हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. बॅटरी इंजिनखोलीत, इन्व्हर्टर केबिनमध्ये; पाच मीटर जायचे, पाच यायचे. त्या दहा मीटर तांब्यात ४८ अँपिअर गेले की दोन व्होल्ट वाटेतच संपतात आणि शंभर वॉटच्या आसपास उष्णता वायर तापवण्यात जाते. बॅटरीवर भाराखाली २३.२ असले तरी इन्व्हर्टरच्या दारात २१.२ पोचतात. साधारण २१ च्या आसपास तो बॅटरी संपली असे समजून ओरडू लागतो. बॅटरी भरलेली, इन्व्हर्टर धडधाकट, आणि भांडण दोघांत. हीच वायर २५ चौरस मिलिमीटरची असती तर एक तृतीयांश व्होल्टवर काम भागले असते.

वायर जाड असली तरी सांधा उरतोच. बॅटरीची शिशाची खुंटी आणि तिच्यावर आवळलेला क्लॅम्प, यांच्यात डोळ्यांना काहीही अंतर दिसत नाही. मीटरला दिसते. इन्व्हर्टरवर भार टाकावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक खुंटीच्या माथ्यावर टेकवावे आणि दुसरे त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर. चांगल्या सांध्यावर व्होल्टचे दोन-चार शतांश दिसतील. ०.८ दिसले तर चोर सापडला. भार टाकल्याशिवाय ही तपासणी करू नये, कारण करंट वाहत नसताना सगळेच सांधे सज्जन असतात.

मग क्लॅम्प काढायचा. तो सहज निघत नाही. तो का निघत नाही हे निघाल्यावर कळते. खुंटी झिजून बारीक झाली म्हणून तिच्या आणि क्लॅम्पच्या मध्ये कधीतरी एक खिळा ठोकलेला असतो. खिळा गंजून फुगला आहे, त्याच्याभोवती पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे, आणि सगळा करंट एका खिळ्याच्या कडेवरून ये-जा करतो आहे. क्लॅम्पला जोडलेली वायर दिसायला ठीक, पण तिची साल वीतभर सोलली तरी आतले तांबे लाल दिसत नाही, काळे दिसते. खारे पाणी बारीक तारांच्या फटींतून सालीच्या आत चढत जाते. काळ्या पडलेल्या तारेवर सोल्डर धरत नाही, वाकवली की ती तुटते. म्हणून बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची वायर वापरतात, तिच्या टोकाला योग्य मापाचे लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबतात आणि वरून चिकट आवरणाची नळी तापवून बसवतात. खुंटीवरची भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, खुंटी आणि क्लॅम्प आतून चकचकीत घासावेत, आधी आवळावे आणि मग पेट्रोलियम जेली लावावी. आधी जेली आणि मग आवळणे हा क्रम लोकप्रिय आहे, पण धातूला धातू भिडला नाही तर जेलीतून वीज जात नाही. खिळा समुद्रात टाकू नये. नव्या खलाशांना दाखवायला ठेवावा.

फ्यूजबद्दल फार बोलण्यासारखे नसते, कारण बहुधा तो नसतोच. त्याच्या जागी वायरीतली एक तार पिळून बसवलेली असते, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज दोनदा उडाल्यावर तिसऱ्यांदा उडू नये अशी सोय करणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण भार नसताना, नुसते जोडताक्षणी फ्यूज उडत असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे: एकतर प्लस-मायनस उलटे जोडले, किंवा आतले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, शॉर्ट झाले. उलटे जोडण्याला पोषक परिस्थिती अशी की दोन्ही वायरी काळ्या असतात आणि ‘जिला गाठ मारलीय ती प्लस’ ही माहिती ज्याला होती तो गेल्या हंगामात दुसऱ्या बोटीवर गेला. जोडताना एकच टपोरी ठिणगी उडते, ती मात्र बिघाडाची नव्हे. आतले कपॅसिटर रिकामे असतात, ते घटकन भरतात. तरीही ठिणगी पाडून ‘करंट हाय’ असे सिद्ध करू नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीला स्फोटाचे उत्तर मिळू शकते.

बाहेर पडणारी वीज तपासताना दोन गैरसमज ठरलेले. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत मिणमिणतो, आणि “दोन्हीत फेज आला, गेला इन्व्हर्टर” असा निकाल लागतो. पुष्कळ लहान इन्व्हर्टरांत घरच्यासारखी एक वायर जमिनीशी बांधलेली नसते, त्यामुळे दोन्हीकडे टेस्टर लागणे हा त्यांचा स्वभावच आहे. दुसरा गैरसमज साध्या मीटरचा. २३० ऐवजी तो १८० दाखवतो. स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत लहरींऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि साधा मीटर गुळगुळीत लहर गृहीत धरून गणित करतो, म्हणून तो चुकतो. पंखा गुणगुणतो तोही या पायऱ्यांमुळे. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. अशी लहर चालत नसेल तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि किंमत ऐकून पुष्कळांना गुणगुणणे गोड लागू लागते.

हे सगळे निर्दोष निघाले, तरच पेटी उघडायची. वायर काढून काही वेळ थांबावे. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात आणि बटण बंद आहे हे त्यांना कुणी कळवलेले नसते. मीटरने ते उतरल्याची खात्री करून मगच हात घालावा. पेटीत पहिल्यांदा दिसतात ती झुरळे. ऊब आणि अंधार मिळाल्यावर त्यांना आणखी काही नको असते. मग पंखा. त्याच्या पात्यांवर मीठ, धूळ आणि डिझेलचा धूर यांचा लेप बसलेला असतो, आणि ज्या जाळीतून हवा यायची ती लुंगीने झाकलेली. इन्व्हर्टर तापतो, तापला की स्वतःला बंद करतो, थंड झाला की चालू होतो. लुंगी वाळली की कुणीतरी ती उचलतो आणि इन्व्हर्टर दुपारनंतर आपोआप बरा होतो. या आजाराने भल्याभल्या मेकॅनिकांना चकवले आहे.

बोर्डावरचे मीठ हा जास्त गंभीर मामला. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागते, आणि ते पाणी वीज वाहून नेते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, आत दोन महिने कोंदट ओल, आणि इन्व्हर्टर तिथेच टांगलेला. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना पहिले बटण दाबले की ‘फट्’ होते ते याच ओलीमुळे. बोर्ड नुसता ओला किंवा खारा असेल आणि अजून जळलेला नसेल तर तो वाचतो. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मीठ काढावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकवावा. बोंबिलांच्या वलांडीवर टाकून सुकवण्याची सूचना येईल. ती वाऱ्याच्या दृष्टीने योग्य, मांजरांच्या दृष्टीने नाही. सुकल्यावर बोर्डावर संरक्षक वार्निशचा हात द्यावा.

मॉस्फेट जळले असतील तर दुरुस्तीचा हिशोब बदलतो. ते चार-सहाच्या जुटीने शेजारी शेजारी काम करतात. एक गेला की उरलेल्यांवर भार पडतो आणि तेही मरणपंथाला लागलेले असतात. फुटलेला एकच बदलून पैसे वाचवले तर पुढच्या फेरीत सगळी रांग फुटते. सगळे बदलायचे, त्यांना चालवणारे छोटे भागही तपासायचे, एवढे करूनही मूळ कारण म्हणजे तो खिळा क्लॅम्पमध्ये तसाच असेल तर मजुरी पाण्यात. हलक्या पत्र्याचा, हातात खेळण्यासारखा वाटणारा इन्व्हर्टर जळला तर तो बदलावा. जड ट्रान्सफॉर्मरचा, दोघांनी उचलायचा असेल तर दुरुस्त करावा, तो त्या लायकीचा असतो.

परत बसवताना इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या डोक्यावर बसवू नये, आम्लाची वाफ सरळ त्याच्या पोटात जाते. तो केबिनमध्ये, उंचावर आणि कोरड्या जागी, पण बॅटरीपासून शक्य तितका जवळ असावा. फ्यूज बॅटरीच्या खुंटीपासून वीतभराच्या आत असावा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणी राखणदार नसतो. मोबाइलसाठी २४ व्होल्टवर थेट चालणारे यूएसबी सॉकेट बसवले तर इन्व्हर्टरचा निम्मा व्याप कमी होतो. २४ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने त्याचे पुन्हा ५ करायचे, हा द्राविडी प्राणायाम बॅटरीच्या खर्चाने चालतो. ३१ मेला जाळी उतरवताना इन्व्हर्टरही उतरवून घरी कोरड्या जागी ठेवावा. बोटीवर योग्य अँपिअरचे चार जादा फ्यूज असावेत, आणि ते कोणत्या डब्यात आहेत हे एकाहून जास्त माणसांना ठाऊक असावे.